जिन्यात लेफ्ट एकच असतो

सामान हलवण्याच्या धंद्यात मी एकतीस वर्षं काढली. लोखंडी कपाटं उतरवली, शिलाई मशिनं चढवली, एकदा तर दगडी जातं पाचव्या मजल्यावर नेलं, कारण एका बाईंना ते हॉलमध्ये शोभेला ठेवायचं होतं. पण या धंद्यात सगळ्यात अवघड काय असं कुणी विचारलं तर मी एकच शब्द सांगेन. लेफ्ट.

हसू नका. शब्द शेंबड्या पोराला माहीत असलेला आहे, हे मलाही कळतं. मराठीत डावीकडे. पण जिन्यात कुणाला 'डावीकडे' म्हणायला वेळ नसतो, तेवढी अक्षरं तोंडातून बाहेर पडेपर्यंत कपाटाचा कोपरा भिंतीत शिरलेला असतो. म्हणून आम्ही सगळे लेफ्ट-राइट म्हणतो. आता गंमत बघा. जड वस्तू जिन्यातून उतरवताना दोघं समोरासमोर असतात. एक जण खालच्या बाजूला, तो उलटा चालतो. दुसरा वरच्या बाजूला, तो सुलटा चालतो. तोंडाला तोंड. म्हणजे याचा लेफ्ट तो त्याचा राइट. त्यात ज्याचं सामान असतं तो वरून सल्ले देतो, तो त्याच्या लेफ्टचे. खालच्या मजल्यावरची आजी दार किलकिलं करून चौथा लेफ्ट सांगते, कारण तिच्या भिंतीच्या रंगाची काळजी तिला असते.

सुरुवातीच्या दिवसांत मी आणि माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, एक तीन दारांचं कपाट उतरवत होतो. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मी म्हणालो लेफ्ट, त्यानं त्याच्या लेफ्टला घेतलं, मालकानं त्याच्या, आणि कपाट असं काही रुतून बसलं की वर जाईना की खाली येईना. संध्याकाळी ऑफिसं सुटली, वरची बिऱ्हाडं घरी आली. शेवटी मेहुण्यानं कपाटाची मागची फळी काढली, पुढची दारं उघडली, आणि वरच्या तीन बिऱ्हाडांनी दीड दिवस कपाटातून ये-जा केली. एक म्हातारेबुवा तर दर वेळी आत शिरल्यावर दार लावून घ्यायचे. माणसाला चांगल्या सवयी होत्या.

त्या दिवशी आम्ही कानाला खडा लावला आणि मेहुण्यानं नियम केला. उलटा चालणाऱ्याला मागचं काही दिसत नाही, पडला तर तोच पडणार, म्हणून लेफ्ट त्याचा. ज्याला दिसत नाही त्याचा लेफ्ट. बाकी सगळ्यांनी आपापला लेफ्ट घरी ठेवून यायचं. या एका नियमावर आमचा धंदा अठ्ठावीस-एकोणतीस वर्षं चालला.

दुसरा नियम माझा, आणि त्याचा मला फार अभिमान. सामान पोचवलं की मालकाच्या डोळ्यांदेखत वापरून दाखवायचं. सोफा असेल तर बसून दाखवायचं, पलंग असेल तर आडवं होऊन, पेटी असेल तर भाता मारून दोन सूर काढून. जे नीट उतरवलंय ते वापरायला कसली भीती? एकदा एका केशकर्तनालयाची खुर्ची पोचवली, तर मी बसून दाखवलं आणि मालकानं आनंदाच्या भरात माझी अर्धी मिशी उडवली. तरी नियम सोडला नाही.

पुढे मेहुण्याची कंबर गेली. डॉक्टरनं त्याला उशीसुद्धा उचलायची नाही असं सांगितलं, आणि तो ते इतकं मनावर घेऊन पाळतो की त्याची बहीण, म्हणजे माझी बायको, त्याला पाण्याचा तांब्या हातात नेऊन देते. नेमकं त्याच सुमाराला माझ्या जावयाचं ऑफिस बंद पडलं. लेक घरी आली, म्हणाली, बाबा, ह्यांना घ्या तुमच्या बरोबर. मी म्हटलं, अगं, तो चौकोनी अक्षरात फायली लिहिणारा माणूस, त्याला काय फ्रिज उचलायला लावू? मग घर चालायचं कसं, असं तिनं विचारलं. असा जावई आमच्या टेम्पोवर आला.

मुलगा कामाला वाईट नाही. वाळका आहे, पण चिवट. टेम्पो माझ्या मेहुण्यापेक्षा बरा चालवतो. अडचण दुसरीच. मेहुण्याला मी जिन्यात 'अरे गाढवा, लेफ्ट' म्हणायचो आणि काम व्हायचं. जावयाला गाढव कसं म्हणणार? पहिल्याच दिवशी मी म्हणालो, "अहो जावईबापू, जमत असेल तर आपण जरासं…" आणि तोवर फ्रिजनं भिंतीचा टवका काढला होता. आदर फार लांबलचक असतो, तो जिन्यात मावत नाही.

असे दोन महिने काढल्यावर मी जाहीर केलं की इथून पुढे उलटा मी चालणार. खालचं वजन माझं. जावयाला उलटं चालवलं तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील. त्यानं वरून बघायचं आणि मला सांगायचं. सगळ्यांना वाटलं, सासरा असावा तर असा. बायकोनं तर त्या दिवशी मला दोनदा चहा दिला.

खरं कारण वेगळं होतं, आणि ते मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. मला दिसेनासं झालं होतं.

एकदम नव्हे. आधी दिव्यांभोवती कडी दिसायला लागली. मग सगळ्याच गोष्टींवर कुणीतरी ओला हात फिरवल्यासारखं व्हायला लागलं. मग एका घरी मी खुंटीवरच्या कोटाला नमस्कार केला आणि तब्येत विचारली. पोचपावतीवर सही करायची ती टेबलाच्या कापडावर केली. एकदा तर कहर झाला. रस्त्यात दुसऱ्याच टेम्पोत चढून बसलो आणि उशीर केला म्हणून चालकाला पाच मिनिटं झापलं. बिचारा ऐकून घेत होता, त्याला वाटलं मी त्याच्या मालकाचा कुणीतरी असेन. जावई धावत आला आणि 'बाबा, आपला पुढचा' म्हणून मला उतरवून घेऊन गेला.

मोतीबिंदू असणार हे मला कळत होतं, इतका काही मी बावळट नाही. ऑपरेशन करतात, बरं होतं, हेही माहीत होतं. पण डोळ्याजवळ सुई आणणार, हा विचार आला की मी लगेच दुसरं काम काढून बसतो. मी दगडी जातं पाचव्या मजल्यावर नेणारा माणूस, पण लेकीच्या बोटातला काटा काढताना मी बेशुद्ध पडलो होतो. तिचं बोट सोडून सगळ्यांनी मला पाणी मारलं. बायकोला कळलं असतं तर तिनं कान धरून दवाखान्यात नेलं असतं. गिऱ्हाइकांना कळलं असतं तर आणखी वाईट. आंधळ्याच्या हातात आपलं काचेचं कपाट कोण देणार? मी घरी बसलो की टेम्पो बसला, टेम्पो बसला की लेकीचं घर बसलं. म्हणून झाकली मूठ सव्वा लाखाची.

आणि मूठ झाकायला उलटं चालण्यासारखी जागा जगात नाही. उलटं चालणाऱ्याला दिसायला हवं अशी कुणाची अपेक्षाच नसते. वरचा माणूस सांगतो, खालचा ऐकतो. जावई हळूहळू तयार झाला. आधी 'बाबा, थोडं लेफ्टला घेता का' असं अर्ज केल्यासारखं बोलायचा, मग नुसतं 'लेफ्ट बाबा' म्हणायला लागला. पायरी आली की पायरी, कठडा आला की कठडा, खाली चप्पल पडली असेल तर चप्पल. मेहुण्यानं एवढं कधी सांगितलं नव्हतं. मला वाटलं पोरगा नवा आहे, जास्तच घाबरतोय. रस्त्यातून रिकाम्या हातानं चालतानाही तो सवयीनं 'बाबा, खड्डा' म्हणायचा, आणि मी म्हणायचो, दिसतोय हो, मी काय आंधळा आहे का.

असं सव्वा वर्ष निघालं. आंधळ्याच्या गाई देव राखतो म्हणतात, माझ्या कपाटांची राखण जावई करत होता.

मग एक दिवस त्यानं नवीन काम आणलं. एका डॉक्टरीणबाईंचा दवाखाना तिसऱ्या मजल्यावरून रस्त्यापलीकडे तळमजल्यावर हलवायचा होता. खुर्च्या, बाकडी, कपाट, आणि एक मशीन. मशीन आमच्या टेम्पोपेक्षा महाग आहे, हे त्यानं दोनदा सांगितलं. कसलं मशीन, असं मी विचारलं तेव्हा म्हणाला, तपासायचं. दवाखान्यात तपासायचंच मशीन असणार, म्हणून मी पट्टे गोळा करायला लागलो. दारावर पाटी होती म्हणे. माझे पाट्या वाचायचे दिवस संपले होते.

मी वर पोचलो तोवर जावयानं मशीन टेबलासकट जुन्या ब्लँकेटांत गुंडाळून, पट्टे आवळून तयार ठेवलं होतं. मी हात लावून अंदाज घेतला. वजन फारसं नव्हतं, पण वरच्या बाजूला एक नाजूक मान होती आणि सगळा तोल तिथेच होता. मी म्हटलं, बाई, तुम्ही काळजी करू नका, पाण्याचा पेला वर ठेवलात तरी हिंदकळणार नाही. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, आवाजावरून तरी. म्हणाल्या, मी बरोबर उतरते.

उतरायला लागलो. अठरा पायऱ्या, वळण, पुन्हा अठरा. जावई वरून सांगत होता, मी टाच टेकवत उतरत होतो. पहिलं वळण लोण्यासारखं गेलं. दुसऱ्या वळणावर कुणीतरी पायरीच्या कडेला कुंडी ठेवली होती. जावई म्हणाला, थांबा बाबा, कुंडी आहे, लेफ्ट. मी लेफ्टला पाय उचलला आणि त्याच क्षणी डॉक्टरीणबाई वरून म्हणाल्या, अहो लेफ्टला नका, लेफ्टला कुंडी आहे. त्यांचा लेफ्ट. माझा पाय अधांतरी. मशिनची मान एका बाजूला कलली. जावयानं वरून पट्टा खेचून धरला, मी पाय होता तिथेच मागे आणला, आणि मशीन सरळ झालं.

आता माझं डोकं फिरलं. गिऱ्हाईक असलं म्हणून काय झालं? मशीन हातातच धरून मी त्यांना सुनावलं.

"बाई, जिन्यात लेफ्ट एकच असतो, आणि तो माझा. ज्याला दिसत नाही त्याचा लेफ्ट. तुमचा तुम्ही पर्समध्ये ठेवा."

 थोड्या वेळानं अगदी सहज विचारल्यासारखं म्हणाल्या, काका, तुम्ही मान वळवून मागे एकदाही बघत नाही का हो? मागे दुसऱ्या माणसांनी माझ्या खुर्च्या वर आणल्या तेव्हा ते सारखे वळून बघत होते. मी म्हटलं, बघणारे कच्चे. एकतीस वर्षांत माझ्या टाचांना डोळे फुटलेत. उचलली जीभ लावली टाळ्याला. वर जावई खोकला.

रस्ता ओलांडला, नवीन खोलीत टेबल जिथे हवं तिथे टेकवलं. जावयानं ब्लँकेटं सोडली, बाईंनी वायर लावली, एक बटण दाबलं, गुणगुण असा आवाज आला. मला हायसं वाटलं. मी पावतीसाठी खिसा चाचपत होतो, तेवढ्यात त्या म्हणाल्या की मशिनची मान जागेवर आहे की हलली हे कुणाला तरी समोर बसवल्याशिवाय कळणार नाही.

जावई म्हणाला, "बाबा बसतात. आमचा नियमच आहे, पोचवलं की वापरून दाखवायचं."

मला इतका अभिमान वाटला म्हणून सांगू. जावई असून माझा नियम तोंडपाठ. मी छाती काढून स्टुलावर बसलो. बाई म्हणाल्या हनुवटी इथे ठेवा, ठेवली. कपाळ पट्टीला लावा, लावलं. मला वाटलं दातांचं असेल, म्हणून तोंडही उघडलं. त्या म्हणाल्या, तोंड मिटलं तरी चालेल. आणि माझ्या उजव्या डोळ्यात भगभगीत उजेड शिरला.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दवाखाना डोळ्यांचा होता.

मी आधी बसलो आणि मग विचार केला, हे माझ्या आयुष्याचं सार आहे. आता उठावं तर काय म्हणून उठावं? मशीन नीट उतरवलं नाही, मला माझ्याच कामाची खात्री नाही, असा त्याचा अर्थ झाला असता. एकतीस वर्षांत मी एकाही वस्तूवरून उठून पळालो नव्हतो, अर्धी मिशी गेली तेव्हासुद्धा नाही. बसून राहावं तर मूठ उघडणार. घाम फुटला. हनुवटी त्या बशीत चिकटली. उजेडाच्या पलीकडे बाईंचा श्वास ऐकू येत होता, बाकी सगळं दुधात बुडालेलं.

बाई म्हणाल्या, "काका, आता लेफ्टला बघा."

त्या माझ्या समोर बसल्या होत्या. तोंडाला तोंड. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "कुणाच्या लेफ्टला?"

 दाराजवळून जावयाचा आवाज आला, जिन्यात येतो तसाच, शांत.

"तुमच्या, बाबा. ज्याला दिसत नाही त्याचा."

मी हनुवटी उचलली.  रागानं माझे कान तापले. मी विचारलं, केव्हापासून माहीत आहे? तो म्हणाला, त्या दुसऱ्या टेम्पोपासून. आधी शंका होती, कोटाला नमस्कार केलात तेव्हा. म्हणजे सव्वा वर्षाच्या पायऱ्या, कठडे, चपला, खड्डे, ते सगळं सवयीचं नव्हतं. मला सांभाळणं होतं. आणि मी त्याला वर म्हणत होतो, दिसतोय हो.

"मग बोलला का नाहीत?" मी विचारलं.

"तुम्ही जावयाला उलटं चालवेनात," तो म्हणाला. "मी सासऱ्याला आंधळं कोणत्या तोंडानं म्हणू?"

 मी विचारलं की हे काम खरं आहे की दोघांनी मिळून रचलंय. डॉक्टरीणबाई घाईघाईनं म्हणाल्या की त्यांना दवाखाना खरंच हलवायचा होता, त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं, कुंडीपर्यंत. जावयानं मान खाली घातली असावी, कारण आवाज जमिनीकडून आला. काम खरं होतं, म्हणाला. फक्त त्याआधी चार महिने तो गावातल्या एकेका डोळ्यांच्या दवाखान्यात जाऊन, तुम्हाला जागा बदलायची आहे का, असं विचारत होता. सातव्या डॉक्टरनं हो म्हटलं.

मला हसू आलं. चौकोनी अक्षरात फायली लिहिणारा हा माणूस सात दवाखान्यांच्या पायऱ्या चढला होता, कारण सासऱ्याला सरळ दवाखान्यात चला म्हणायची सोय नव्हती. सासऱ्याला सामान उचलायलाच न्यायला हवं होतं. मेहुणा असता तर म्हणाला असता, डोळे तपासून घे गाढवा, आणि मी त्याला दोन शिव्या घालून विषय संपवला असता. हा काही बोलला नाही, म्हणून मला पळायला जागाच राहिली नाही.

मग मी जे एकतीस वर्षांत कुणासमोर बोललो नाही ते बोललो.

"मला सुईची भीती वाटते."

"माहीत आहे," जावई म्हणाला. "मी आत येतो तुमच्या बरोबर. डॉक्टरांना विचारतो. पायरी आली की सांगतो."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्यांनी परवानगी अजून दिलेली नाही. मग म्हणाल्या, बरं, येऊ दे. फक्त आत कुणी लेफ्ट-राइट म्हणायचं नाही, त्यांचा हात चुकेल. आणि मशीन एक केसभरही हललेलं नाही, तेव्हा काकांनी पुन्हा हनुवटी ठेवावी, त्यांना दुसरा डोळा बघायचाय.

मी खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं. जावयाला म्हटलं, जवळ येऊन उभे राहा, दारात उभं राहून काय उपयोग. तो आला. खांद्याला खांदा लागेल इतका जवळ. मी हनुवटी टेकवली, कपाळ पट्टीला लावलं, उजेड आला.

"लेफ्ट," बाई म्हणाल्या.

मी न विचारता माझ्या लेफ्टला बघितलं. तिथे जावई उभा होता. नीट दिसत नव्हता, नुसता वाळका उभा डाग, पण तो कोण आहे हे मला बरोबर कळत होतं.